आपला पिक्चर

माझं बालपण अत्यंत सुखात गेलं, ही गोष्ट मी आयर्लंडला येईपर्यंत कुणालाही कळू दिली नव्हती.

कोथरूडचा फ्लॅट, वडील बँकेत, आई शाळेत शिक्षिका, फ्रिजमध्ये बाराही महिने श्रीखंडाचा डबा. यात सांगण्यासारखं काय आहे? मेडिकलला गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की थोड्याफार हालअपेष्टा गाठीशी नसतील तर माणसाला वजन येत नाही. मग मी लोडशेडिंग वापरायला सुरुवात केली. "मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास केलाय आम्ही," असं मी खिडकीबाहेर बघत म्हणायचो. घरात इन्व्हर्टर होता, हे सांगायची गरज कधी पडली नाही. त्यातच मी सुट्टीत सिनेमाच्या रसास्वादाचा एक वर्ग केला. तेव्हापासून मी पिक्चर 'बघणं' सोडून दिलं आणि 'अनुभवायला' लागलो. असा हा दु:खाने पोळलेला, अभिरुचीसंपन्न तरुण डॉक्टर एका पावसाळी दुपारी कासलबारच्या स्टेशनवर दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन उतरला. दुपार पावसाळी होती हे सांगायला नको. मेयो परगण्यात दुसऱ्या प्रकारची दुपार अजून मी पाहिलेली नाही.

न्यायला दादा आले होते. दादा तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांचे डॉक्टर. माझ्या जन्माच्या आसपास कधीतरी सोलापूरहून निघाले होते. महाराष्ट्रातून नवा डॉक्टर आला, की त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहायचा, अशी पद्धतच पडून गेली होती. त्या खोलीतून किती जण कन्सल्टंट होऊन बाहेर पडले कुणास ठाऊक. हॉस्पिटलातले आयरिश लोक त्यांना 'डॉक' म्हणत, आम्ही 'दादा'. नावानं हाक मारलेली मी फक्त वहिनींच्या तोंडून ऐकली आहे, तीही ते कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला विसरले की.

गाडीत बसल्या बसल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पिक्चर बघतोस का?"

मला वाटलं, देव पावला. मी सुरू झालो. फ्रेंच काय, इटालियन काय, कॅमेऱ्याची नजर काय. घर येईपर्यंत मी युरोपचा अर्धा सिनेमा निकालात काढला होता. दादा दाराशी थांबले आणि म्हणाले, "बरं. आधी बूट काढ. चिखलानं भरलेत."

दादांचा स्वभाव सांगायचा तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. घरात दोन चांगले सोफे होते, पण दादा सोफ्याला पाठ टेकून खाली जमिनीवर बसत. साबणाची चिपटी झाली की ती नव्या वडीला चिकटवत आणि वहिनींनी ती फेकली तर दिवसभर बोलत नसत. जगातल्या सर्व गोष्टींवर त्यांचा एकच अभिप्राय असे, "पोटात गेलं की सगळं ग्रँड." (तिकडे ग्रँड म्हणजे ठीक, झकास.) पास झालो, नापास झालो, व्हिसा अडकला, प्रेमभंग झाला, दादा आधी ताट वाढत आणि मग हे वाक्य बोलत. मराठी त्यांची अस्सल सोलापुरी आणि इंग्रजी अस्सल मेयोची. मधलं काहीच त्यांना येत नव्हतं. फोनवर एखाद्या आयरिश शेतकऱ्याशी "अह शुअर, ही'ज ग्रँड" करत असतानाच माझ्याकडे वळून "काय बे, जेवलास का?" विचारायचे.

हॉस्पिटलात त्यांची एक सवय प्रसिद्ध होती. आजारी पोराला घेऊन आई आली, की आधी आईला खुर्ची. ती बसल्याशिवाय दादा पोराला हात लावत नसत. खुर्ची नसेल तर स्वत:ची देत आणि उभ्याने तपासत. एकदा इमर्जन्सीत इतकी गर्दी होती की खुर्ची मिळेना, तेव्हा त्यांनी मला उठवलं. मी नोट्स लिहीत होतो. मी म्हटलं, "दादा, मी ऑन ड्यूटी आहे." ते म्हणाले, "ती पण." मी उभा राहिलो. त्या बाई माझ्या खुर्चीवर बसून रडायलाच लागल्या, आणि त्यांच्या पोराला बघून झाल्यावर दादांनी त्यांच्यासाठी चहा आणायला मलाच पाठवलं.

माझं लोडशेडिंग त्यांच्यापुढे पहिल्याच आठवड्यात उघडं पडलं. जेवताना मी सवयीने खिडकीबाहेर बघत म्हणालो, "तसे हाल आम्हीही काढलेत, दादा."

दादांनी घास थांबवला. "संडास घरात होता का?"

"म्हणजे?"

"म्हणजे घराच्या आत होता, का डबा घेऊन रांगेत उभं राहायचास?"

"घरात होता."

"किती?"

वहिनी हसू दाबत होत्या, त्यामुळे उत्तर द्यावंच लागलं. "दोन. एक इंग्लिश."

"मग गप जेव," दादा म्हणाले आणि माझ्या पानात आणखी एक पोळी टाकली. त्या दिवसापासून मी हाल काढल्याचा उल्लेख फक्त पुण्याच्या लोकांपुढे करतो.

तर, आपला पिक्चर. दादांनी त्याला कधी नावानं संबोधलं नाही, म्हणून मीही नाव सांगत नाही. 'आपला पिक्चर लावू का?' एवढंच. ब्रिटिशांचा एक जुना पिक्चर, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कापडगिरण्यांच्या गावातला. एक कामगाराचं पोरगं, हुशार. आई गिरणीत. पोराला गावातल्या मोठ्या, श्रीमंतांच्या शाळेत प्रवेश मिळतो आणि तिथे त्याची कुतरओढ सुरू होते. गोष्ट एवढीच. दादांना तो कुठे सापडला माहीत नाही, पण वरच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या रविवारी दुपारी तो बघावा लागे.

अडचण एक होती. त्या पिक्चरमधली इंग्रजी कुणालाही कळत नसे. गिरणगावची जुनी बोली ती. शेजारच्या आयरिश बाई एकदा येऊन बसल्या होत्या, त्या मध्येच विचारून गेल्या, की ही माणसं नॉर्वेची आहेत का. मी मात्र रसास्वादाचा वर्ग केलेला. कळत नाही म्हणायची सोय नव्हती. मी हनुवटीवर बोट ठेवून बघत राहिलो, आणि एका ठिकाणी आई दारात येऊन नवऱ्याला काहीतरी चमत्कारिक सुरात बोलली तेव्हा, जाणकारानं हसावं तसं बारीक हसलो.

दादांनी पिक्चर थांबवला. "का हसलास?"

"संवादातली धार, दादा. तो जो सूक्ष्म विनोद..."

"म्हातारा मेला म्हणून सांगालालीय ती."

बहुधा माझ्यासारख्यांमुळेच दादांनी पुढची पायरी गाठली होती; माझी फुशारकी ऐकून त्यांनी त्या दिवशी मुद्दाम आवाज चालू ठेवला होता, एवढंच. सुरुवातीला म्हणे ते पिक्चर थांबवून थांबवून समजावून सांगायचे. मग थांबवणं कटकटीचं झालं, म्हणून त्यांनी आवाजच बंद केला आणि सगळी पात्रं स्वत: बोलायला लागले. मराठीत. आई सोलापुरी बोलायची, बाप दारू पिऊन सोलापुरी बोलायचा, कोपऱ्यावरचा दुकानदार तेलुगू वळणाचं मराठी बोलायचा, कारण दादांच्या गल्लीतला दुकानदार तसं बोलायचा. आणि त्या श्रीमंत शाळेचा हेडमास्तर पुणेरी बोलायचा. "आपण जरा बाहेर थांबता का?" हे वाक्य दादा असं म्हणायचे, की मला माझे सगळे काका एकदम आठवायचे. मी कासलबारला यायच्या आधी तो हेडमास्तर कुणासारखा बोलायचा मी विचारलं नाही. माझ्यानंतर तो 'सूक्ष्म' हा शब्द फार वापरायला लागला, एवढं खरं.

एक गोष्ट तेव्हा माझ्या नजरेतून सुटली, कॅमेऱ्याच्या नजरेबद्दल इतकं बोलत असूनही. पिक्चरच्या मध्यावर शाळेच्या फाटकाचा एक प्रसंग आहे. पोरगं टोपी घरी विसरतं, आई गिरणीतून तशीच, डोक्यात कापसाची पिंज घेऊन, ती टोपी द्यायला फाटकावर येते. बरोबरचा मुलगा विचारतो, ही कोण? पोरगं सांगतं, शेजारीण. आईला ऐकू जातं. ती टोपी देते आणि चालायला लागते. बस्स. मुलांचं तेवढं बोलणं सोडलं तर सगळं मुकं. तिथं आलं की दादा दरवेळी उठायचे. "इथं काय बोलणं न्हाई. चहा टाकतो." चहा घेऊन यायचे तोवर तो प्रसंग होऊन गेलेला असायचा. मला वाटायचं, माणूस वेळेचं नियोजन किती छान करतो.

दादांची या पिक्चरपायी एकच इच्छा अपुरी होती. त्यांच्या लेकीनं तो एकदा, बसून, शेवटपर्यंत बघावा.

लेक त्यांची एकुलती एक. कासलबारलाच जन्मलेली, वाढलेली, आता डब्लिनला नोकरी करून जवळच्या डून लेरीला मैत्रिणींबरोबर राहायची. मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर मेयोच्या इंग्रजीत. आणि आपला पिक्चर लागला की ती वरच्या मजल्यावर निघून जायची. त्याला कारण होतं, ते वहिनींनी मला सांगितलं.

लहानपणी तिनं दादांना एकदा विचारलं, बाबा तू लहान होतास तेव्हा कसा होतास? दादा म्हणाले, "तसंच होतं," आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. पोर ती. तिनं ते खरं मानलं. ते काळा धूर सोडणारं धुराडं, ती विटांची घरं, ती गोरीपान, डोक्याला रुमाल बांधलेली बाई, ही आपली सोलापूरची आजी. शाळेत 'माझे आजी-आजोबा' या विषयावर सगळ्यांनी बोलायचं होतं, तेव्हा हिनं उभं राहून सगळी हकिगत सांगितली. आजी गोरी आहे, गिरणीत जाते आणि टीव्हीवर असते. वर्ग हसून लोळला. त्यानंतर कित्येक महिने पोरं तिला विचारायची, की तुझी आजी आज कुठल्या चॅनलवर आहे. घरी येऊन ती बापावर जी चिडली, ती पिक्चरवरच चिडली. त्यानंतर कधीही कुणी 'आपला पिक्चर' म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "आय'म ग्रँड, थँक्स." आयर्लंडमध्ये याचा अर्थ नको असा होतो.

खरी आजी तिला फारशी ठाऊकच नव्हती. सुट्टीला भारतात गेली की ही मंडळी वहिनींच्या माहेरी पुण्यात उतरत. दादा सोलापूरला जाऊन आईला घेऊन येत. म्हातारी नवं लुगडं नेसून दोन दिवस खुर्चीच्या कडेवर बसायची, नातीच्या केसांवरून हात फिरवायची आणि परत जायची. लेकीनं 'मला तुमचं सोलापूरचं घर बघायचंय' म्हटलं की दादा म्हणत, पुढच्या वर्षी. पुढे म्हातारी वारली, तेव्हा दादा एकटेच जाऊन आले. त्या रविवारी पिक्चर लावला.

मी एकदा धीर करून म्हटलं, "दादा, पिक्चर कशाला? तिला सरळ सांगा ना तुमच्या लहानपणाबद्दल." दादा म्हणाले, "तोंडानं सांगायला गेलं की भाषण होतं रे. पोरं भाषण ऐकत न्हाईत." माझ्याकडे बघून म्हणाले, त्यामुळे मी पुढे बोललो नाही.

त्या वर्षी मी तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा सांस्कृतिक सचिव होतो. निवडून आलो असं मी पुण्याला कळवलं होतं. प्रत्यक्षात मी सभेला उशिरा पोचलो आणि तोवर बाकीच्यांनी पदं वाटून घेतली होती. गणपतीचा कार्यक्रम चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये, दुपारी. डब्लिनहून गाणारं जोडपं येणार होतं. आदल्या दिवशी गायिकेचा घसा बसला. गायकाचं म्हणणं पडलं, की तिच्याशिवाय मी एकटा येत नाही, आणि ते ऐकून अध्यक्षबाई म्हणाल्या, की आता तुम्हीच काहीतरी करा, तुम्ही सांस्कृतिक आहात. मला तबलाही येत नाही आणि जादूही. शेवटी दादा म्हणाले, "आपला पिक्चर लावू. मी बोलतो."

मी ही कल्पना माझीच असल्यासारखी उचलून धरली. रात्रभर नाही, पण संध्याकाळ घालवून मी संवादांची मराठी संहिता तयार केली. इंग्रजी उपशीर्षकं कुठून तरी मिळवली आणि त्यांचं शुद्ध, सोज्ज्वळ मराठी केलं. "माते, मला क्षुधा लागली आहे" असं नव्हतं, पण त्याच्या जवळपास होतं. फाटकाच्या प्रसंगापुढे मी कंसात 'अर्थगर्भ शांतता' असं लिहिलं होतं. छापून, पिना मारून ती प्रत मी दादांच्या हातात दिली. दादांनी ती दोन्ही हातांनी घेतली, छान आहे म्हणाले, आणि प्रोजेक्टर थोडा खाली झुकत होता त्याच्या पायाखाली घातली.

लेक आली होती. वहिनींनी बोलावलं म्हणून, मोदकांना मदत करायला. हॉलला लागून स्वयंपाकघर आणि मधल्या भिंतीत चहाचे कप द्यायला खिडकी. पिक्चर सुरू होणार असं कळताच ती स्वयंपाकघरात गेली. जाताना दादांनी तिला विचारलं, "बसतीस का गं?" ती म्हणाली, "यू'र ग्रँड, डॅड. आय'व्ह द डिशेस." दादांनी मान डोलावली. माणूस हसत होता, पण माइक हातात घेताना त्यांनी उगीच दोनदा घसा साफ केला, आणि मला त्यांचं वाईट वाटलं.

दादा बोलायला लागले आणि हॉल पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या खिशात गेला. बाप पिऊन आला तेव्हा टाळ्या. दुकानदाराला टाळ्या. हेडमास्तराला तर इतक्या टाळ्या, की मी लॅपटॉपमागे वाकून वायरी तपासायला लागलो. माझ्या शेजारी बसलेल्या एक नर्सबाई म्हणाल्या, "हा हेडमास्तर कुणीतरी ओळखीचा वाटतो, नाही?" मी म्हटलं, पुण्याकडे असे खूप असतात.

मग फाटकाचा प्रसंग आला.

दादा सवयीनं वळले. पण जाणार कुठे? चहा आज स्वयंसेवकांकडे होता, स्वयंपाकघराच्या दारात मोदकांची टेबलं लावलेली होती. दादा पडद्याच्या कडेला, माइक धरून, उभेच राहिले. मला वाटतं त्यांनी तो प्रसंग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुरता बघितला. पडद्यावर ती बाई धापा टाकत आली, पोरानं तिच्याकडे न बघता शेजारच्या मुलाला उत्तर दिलं. दादांनी ते भाषांतर केलं. "कोण न्हाई. शेजारीण हाय आमची."

आता शांतता. अर्थगर्भ. मी संहितेत लिहिलीच होती.

पण दादा बोलायला लागले. बाईचं तोंड मिटलेलं आणि तिचा आवाज हॉलमध्ये. "व्हय बाळ. मी शेजारचीच हाय. तुझ्या आईला सुट्टी न्हाई गावली. तिनं डबा दिलाय बघ. कडक भाकरी हाय, शेंगाची चटनी हाय. दोस्तास्नी पण दे."

कुणीतरी हसलं. पडद्यावर टोपी आणि दादांच्या तोंडी डबा. मी सांस्कृतिक सचिव. मी दादांना खुणा करायला लागलो, इथे संवाद नाही, ओठांवर बोट, हात आडवे, काय काय. मागचे लोक मला बघून जास्तच हसले. दादांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. पडद्यावरची बाई पाठ करून निघून गेली, पुढचा प्रसंग सुरू झाला, लोकांचे ओठ हलायला लागले, आणि माइकवर कुणीच बोलेना. हसणं हळूहळू थांबलं.

चहाच्या खिडकीतून आवाज आला. "डॅड? डबा कसला?"

ती खिडकीत उभी होती, हातात ताटं पुसायचा फडका. ती अर्थातच इंग्रजीत बोलत होती, मी ते मराठीत लिहितोय. दादा मराठीतच बोलले, आणि माइक तसाच तोंडाशी, म्हणून सगळ्या हॉलनं ऐकलं.

"माझा. मेडिकलच्या हॉस्टेलला असताना."

"कुणी आणायचं?"

"तुझी आजी. बिड्या वळायची ती. हाताला, लुगड्याला तंबाखूचा वास. हॉस्टेलच्या फाटकावर आली पहिल्यांदा, पोरांनी विचारलं कोण. मी म्हटलं शेजारीण. मागंच उभी होती ती. ऐकलं तिनं."

"मग ती काय म्हणाली?"

"आता बोललो ते."

पडद्यावर हेडमास्तर कुणावर तरी ओरडत होता, आणि त्याला आवाज द्यायला कुणी नव्हतं.

"मग दर रविवारी यायची," दादा म्हणाले. "शेजारीण म्हणून. पोरं वाट बघायची. शेजारच्या मावशी आल्या म्हणायची. मी पण मावशीच म्हणायचो. तिनं कधी चूक केली न्हाई. एकदा पण माझं घरातलं नाव न्हाई घेतलं त्यांच्यापुढं."

"तू त्यांना कधीच सांगितलं नाहीस?"

"उद्या सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलो."

"आणि डॉक्टर झालास तेव्हा?"

अध्यक्षबाई उठल्या होत्या, बहुधा जेवण तयार आहे असं जाहीर करायला. त्या परत बसल्या.

"पेढे घेऊन आली," दादा म्हणाले. "सगळ्या हॉस्टेलला वाटले. खोली खोली फिरून. सगळ्यास्नी सांगत होती, माझ्या शेजारणीचं पोरगं डॉक्टर झालं."

"आणि तू काय केलंस?"

"मी पेढा खाल्ला."

मला त्या क्षणी काहीतरी सुचायला हवं होतं. मी कार्यक्रमाचा जबाबदार माणूस होतो. पिक्चर थांबवावा, दिवे लावावेत, निदान माइक घ्यावा. मी लॅपटॉपजवळ नुसता बसून राहिलो आणि रडू यायला लागलं म्हणून वायरींकडे बघत राहिलो. सिनेमावर इतकं बोललेला माणूस मी, आणि माझ्यापुढे पिक्चर चालू होता आणि मला तो दिसत नव्हता. कुणालाच दिसत नव्हता. शंभर-एक माणसं पडद्याकडे पाठ केल्यासारखी दादांकडे बघत होती.

लेक खिडकीतून दिसेनाशी झाली. मग स्वयंपाकघराचं दार उघडलं, कुणीतरी मोदकांचं टेबल ओढून वाट करून दिली, आणि ती हॉलच्या मधून चालत आली. प्रोजेक्टरच्या उजेडातून आली, त्यामुळे पडद्यावरच्या त्या गावावर तिची भलीमोठी सावली पडली. खाली वाक, असं कुणी म्हणालं नाही. तिनं दादांच्या हातातून माइक काढून घेतला, त्याचं बटण बंद केलं आणि तो खुर्चीवर ठेवला. मग त्यांच्या अगदी जवळ जाऊन तिनं काहीतरी विचारलं.

काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. दादांचा आवाज मात्र मुळात मोठा, माइक असो नसो.

"अंबूबाई," ते म्हणाले. "अंबूबाई नाव होतं माझ्या आईचं."